डेक, ऊन आणि मर्यादा : मुंबई–सुएझ मार्गावरील आगबोटींच्या राखीव जागांचा सामाजिक इतिहास

समुद्रपर्यटनाच्या मोठ्या जहाजांवर आज 'केवळ प्रौढांसाठी' राखून ठेवलेला एक डेक बहुधा असतो. तेथे लहान मुलांना प्रवेश नसतो, आवाज कमी असावा अशी अपेक्षा असते आणि सूर्यस्नानासाठी आरामखुर्च्या मांडलेल्या असतात. कोणी कोठे पहुडावे, अंगावर किती वस्त्र असावे, खुर्चीवर टॉवेल टाकून ती किती वेळ अडवावी, याचे नियम कंपन्यांनी ठरविलेले असतात. ही व्यवस्था आधुनिक सुखवस्तू जीवनाची निर्मिती आहे, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत निबंधात निराळी मांडणी करावयाची आहे. जहाजावरील उघडे शरीर आणि ऊन यांचे नियमन ही जुनी गोष्ट असून पूर्वी ते घड्याळाच्या साहाय्याने व डेकची बाजू वाटून होत असे. आज ते वयाच्या अटीवर होते. या नियमनाचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबई बंदराशी निगडित आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. तथापि या जिल्ह्याच्या आधुनिक इतिहासातील कित्येक माणसे समुद्रमार्गाने आली वा गेली. १८३१ मध्ये नगर येथे ठाणे उभारणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचे कार्यकर्ते शिडाच्या जहाजांनी मुंबईस उतरले होते. १८२७ साली अमेरिकेहून निघालेल्या आणि पुढे नगरमध्ये मुलींच्या शिक्षणास आयुष्य वाहिलेल्या सिंथिया फरार या अविवाहित बाईंचा प्रवासही तसाच होता. पारनेर येथे १८८० मध्ये जन्मलेले पांडुरंग महादेव बापट, म्हणजे पुढील काळातील सेनापती बापट, १९०४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोस गेले ते आगबोटीने. फरारबाईंचा प्रवास आफ्रिकेला वळसा घालून अनेक महिन्यांचा होता. बापटांच्या वेळी तो काही आठवड्यांवर आला होता, कारण दरम्यान, १८६९ मध्ये, सुएझचा कालवा खुला झाला होता.

सूर्य : भयाचा विषय

कालव्यानंतर मुंबई–इंग्लंड मार्गावर पेनिन्सुलर अँड ओरिएंटल, म्हणजेच पी. अँड ओ. कंपनीचे वर्चस्व होते. या मार्गावरील तांबड्या समुद्राचा टप्पा उकाड्यासाठी कुप्रसिद्ध होता. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय प्रवाशास ऊन नकोसे असे. एवढेच नव्हे, तर उष्ण कटिबंधातील सूर्यकिरण मेंदूस व मज्जासंस्थेस अपाय करतात, अशी तत्कालीन वैद्यकाची धारणा होती. पोर्ट सैद येथे सोला टोपी विकत घेणे हा पूर्वेकडे निघालेल्या साहेबाचा जणू संस्कारच होता. डेकवर जाड कापडाचे छत ताणलेले असे. त्याखालच्या सावलीत प्रवासी बसत, आणि बसण्याची खुर्ची पुष्कळदा स्वतःची, नाव रंगविलेली, घरून आणलेली असे.

आपण मराठीत सर्रास वापरतो तो 'पॉश' हा शब्द याच मार्गावरील आहे, अशी एक कथा सांगितली जाते. जाताना 'पोर्ट', म्हणजे डावीकडील, आणि परतताना 'स्टारबोर्ड', म्हणजे उजवीकडील केबिन सावलीत राहते. अशा केबिनीच्या तिकिटावर त्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे छापत, त्यांपासून हा शब्द झाला, असे म्हणतात. असे एकही तिकीट आजवर उपलब्ध झालेले नाही आणि शब्दकोशकार ही व्युत्पत्ती ग्राह्य मानत नाहीत. तरीही या कथेतून एक गोष्ट कळते. सधन प्रवासी सावलीसाठी पैसे मोजत असे, हे लोकांना सहज पटण्याजोगे होते. उन्हासाठी पैसे मोजण्याची कल्पना त्या काळी हास्यास्पद ठरली असती.

घड्याळ आणि कनात

तांबड्या समुद्रात रात्री केबिनमध्ये झोपणे अशक्य होई, तेव्हा गाद्या डेकवर आणल्या जात. पुरुषांनी एका बाजूस, स्त्रियांनी दुसऱ्या बाजूस झोपावे आणि मध्ये कापडी आडोसा असावा, अशी प्रथा होती. पहाटे खलाशी डेक धुऊन घासून काढीत. त्या वेळी पुरुष प्रवाशांनी रात्रीच्या कपड्यांत, अनवाणी, डेकवर फिरण्यास हरकत नसे. मात्र ही सवलत साधारणतः सकाळी आठपर्यंतच. त्यानंतर स्त्रिया डेकवर येत आणि पुरुषाने पूर्ण पोशाखात असणे बंधनकारक होई. एकच जागा, एकच शरीर; परंतु आठाच्या ठोक्याने सभ्य-असभ्याची व्याख्या बदले. मुलांची जेवणे निराळ्या वेळी, आयांच्या देखरेखीखाली उरकली जात. मोठ्यांच्या सहवासातून मुलास दूर ठेवण्याची ही रीत आजच्या 'प्रौढांसाठी राखीव' डेकची खरी पूर्वज म्हणावी लागेल. त्या मुलांना सांभाळत समुद्र ओलांडणाऱ्या हिंदी आयांपैकी कित्येकींना इंग्लंडात पोहोचताच कामावरून दूर केले जाई. त्यांच्यासाठी लंडनमध्ये एक आश्रयगृह चालविले जात होते; हॅकनी भागातील त्याच्या इमारतीवर २०२२ मध्ये स्मृतिफलक बसविण्यात आला.

या चौकटीत मराठी स्त्रीचा प्रवेश झाला तो १८८३ मध्ये. त्या वर्षी एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस आणि पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. रमाबाईंसमवेत दोन वर्षांची मनोरमा होती. त्यांचे 'इंग्लंडचा प्रवास' हे पत्ररूप लेखन त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. स्वदेशात समुद्रगमन हे प्रायश्चित्तास पात्र पातक मानले जात होते. म्हणजे घरच्या धर्मशास्त्राने ज्या जागेला निषिद्ध ठरविले, त्याच जागेवर साहेबाच्या शिष्टाचाराने दुसरी कुंपणे घातली होती. आपल्याकडील समुद्रगमनाच्या चर्चेत पहिल्या निषेधाचाच विचार विपुल झाला आहे, दुसऱ्याचा क्वचितच.

छत कोण ताणत असे?

शिष्टाचाराच्या इतिहासात एक घटक नेहमी निसटतो, तो म्हणजे श्रम करणारा. पी. अँड ओ. च्या जहाजांवर डेकवरील कामगार मोठ्या संख्येने कोकण व गुजरात किनाऱ्यावरील असत. त्यांच्यात सारंग, तांडेल, खलाशी अशी उतरंड होती आणि भरती बहुधा सारंगाच्या हाती असे. जेवणघरात व केबिनमध्ये सेवा देणारे गोव्याचे ख्रिस्ती तरुण होते. मुंबईत धोबीतलाव परिसरातील 'कूड' नावाच्या ग्रामनिवासांत ते जहाजाची वाट पाहत राहत. प्रवाशांवर सावली धरणारे छत ताणण्याचे काम उन्हात उभे राहूनच करावे लागे. हिंदी माणसाला उष्णता सोसते, या गृहीतकावर त्यांची कामे आणि वेतन दोन्ही ठरत. राहण्याच्या जागेचे प्रमाणही बोलके आहे. १८९४ च्या ब्रिटिश कायद्याने खलाशामागे ७२ घनफूट जागा ठरविली होती, ती १९०६ मध्ये १२० करण्यात आली. हिंदी खलाशास भारतातील कायद्यानुसार मिळे ती ३६ घनफूट. वरच्या डेकवरील एक आरामखुर्ची आणि तिच्याभोवतीची मोकळी जागा याहून फारशी कमी नसावी!

उन्हाची प्रतिष्ठा

विसाव्या शतकाच्या आरंभी उन्हाविषयीची धारणा पालटू लागली. प्रकाशोपचारासाठी नील्स फिन्सेन यांना १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील लेसाँ येथे ऑग्युस्त रोलिए यांनी क्षयरोग्यांना उन्हात ठेवून उपचार करण्यास प्रारंभ केला. रुग्णालयातील हे ऊन १९२० च्या दशकात समुद्रकिनाऱ्यावर आले. कारखान्यात काम करणारा मजूर फिकट दिसू लागला, तेव्हा सावळलेली त्वचा ही रिकाम्या वेळेची आणि म्हणून श्रीमंतीची खूण झाली. (आपल्याकडे औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रचार केला तो याच सुमारास, त्यांचे इंग्रजी पुस्तक १९२८ चे आहे. तथापि त्यामागील परंपरा निराळी होती आणि त्यात कातडी रापवण्याची हौस मुळीच नव्हती.)

जहाजांची रचनाही बदलली. पी. अँड ओ. च्या 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' (१९२९) या जहाजात त्या कंपनीचा पहिला अंतर्गत जलतरण तलाव होता. मुंबईमार्गे ऑस्ट्रेलियास जाणारी 'स्ट्रॅथनेव्हर' (१९३१) पूर्वीचा काळा रंग टाकून पांढऱ्या रंगात अवतरली. इटलीच्या 'रेक्स' (१९३२) या जहाजाने उघडा तलाव व रंगीत छत्र्या असलेला 'लिडो' डेक लोकप्रिय केला. हे नाव व्हेनिसच्या पुळणीचे आहे. ज्या डेकवर आठ वाजल्यानंतर अनवाणी पाय दिसणे असभ्य होते, तेथे आता भर दुपारी पोहण्याच्या पोशाखात पहुडणे रीतीस धरून झाले.

याच काळातील दोन प्रवास येथे नोंदविले पाहिजेत. ऑक्टोबर १९३० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून निघाले ते 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया'नेच. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा साडेतीन वर्षे झाली होती. सार्वजनिक पाण्याजवळ कोणी जावे हा प्रश्न ज्यांनी ऐरणीवर आणला, त्यांना घेऊन जाणाऱ्या बोटीवरच नव्या पद्धतीचा तलाव होता, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकाने दृष्टिआड करू नये. पुढील वर्षी, २९ ऑगस्ट १९३१ रोजी, महात्मा गांधी 'राजपुताना' बोटीने सेकंड क्लासमधून निघाले. त्यांचा बराच वेळ डेकवर प्रार्थना, सूतकताई व भेटीगाठी यांत गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत विन्स्टन चर्चिल यांनी त्यांच्या अर्धनग्नतेचा उपहास केला होता. इंग्रज समाजाचा वरचा थर स्वेच्छेने उघडा होऊन उन्हात पडू लागला होता, नेमक्या त्याच काळात पंचा नेसलेले शरीर त्या समाजातील एका धुरीणास असभ्य वाटले. तेव्हा आक्षेप उघड्या अंगाला होता, असे म्हणणे कठीण आहे. कोणाचे अंग आणि कोणत्या हेतूने उघडे, यावर सभ्यतेचा निर्णय अवलंबून होता.

चादर आणि टॉवेल

कोकण किनाऱ्यावरील बोटींचे जग मात्र वेगळे राहिले. मुंबई–गोवा मार्गावरील 'कोकण शक्ती', 'कोकण सेवक' या बोटींचा डेक म्हणजे सामान्य तिकिटाची जागा. बोटीत शिरताच चादर किंवा वळकटी पसरून ठाव धरावा, आणि त्या चादरीवर मुले, म्हातारी, फणस व ट्रंक असे सारे कुटुंब बसावे, ही रीत होती. येथे वयाचे कुंपण संभवतच नव्हते. उन्हातील जागा सर्वांत शेवटी भरे. पर्यटनाच्या जहाजांवर सकाळीच टॉवेल टाकून खुर्ची अडविणाऱ्यांवर आज जी टीका होते, ती वाचताना या चादरीची आठवण होते. कार्निव्हल कंपनीने २०१३ मध्ये असा टॉवेल सुमारे ४० मिनिटांनी उचलण्याचा नियम केला. कोकणच्या बोटीवर एवढी घाई कोणी केली असती, तर भांडण धक्क्यापर्यंत पोहोचले असते.

वयावर आधारलेले कुंपण अलीकडील आहे. पी. अँड ओ. क्रूझेसचे 'आर्केडिया' हे जहाज २००५ मध्ये केवळ प्रौढांसाठी म्हणून सुरू झाले. प्रिन्सेस कंपनीने २००६ मध्ये शुल्क आकारून 'सँक्चुअरी' हा शांत विभाग आणला, तर कार्निव्हलने २००७ मध्ये २१ वर्षांवरील प्रवाशांसाठी 'सेरेनिटी'. वस्त्राविषयी एकवाक्यता नाही. अमेरिकी कंपन्या सामान्यतः उघड्या छातीने सूर्यस्नान करण्यास स्त्रियांना मनाई करतात. जर्मन 'ऐडा'च्या काही जहाजांवर विवस्त्र सूर्यस्नानासाठी स्वतंत्र डेक असतो. भारतात अशा वर्तनास अश्लीलतेचा फौजदारी कायदा आड येतो. गोव्याच्या किनाऱ्यांवर १९७० च्या दशकापासून हा वाद परिचित आहे.

मुंबईहून २०१८ मध्ये गोव्यासाठी 'आंग्रिया' निघाली, ती पुढे बंद पडली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' फिरू लागले. हे जहाज १९९० मध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने कॅरिबियन पर्यटनासाठी, म्हणजे उन्हात पहुडणाऱ्या ग्राहकाच्या अपेक्षेने बांधलेले होते. भारतीय कुटुंब मात्र आजी-आजोबा व नातवंडांसह सहलीस निघते आणि दुपारचे ऊन टाळते. परक्या सवयीनुसार आखलेल्या डेकचा आपला समाज कसा वापर करतो, हा समाजशास्त्र, इतिहास व वाणिज्य या तिन्ही विभागांनी मिळून अभ्यासावा असा विषय आहे. त्यासाठी प्रवाशांच्या आठवणींबरोबरच खलाशांची सेवापुस्तके पाहावी लागतील. जुने खलाशी ही कागदपत्रे पत्र्याच्या नळीत जपून ठेवीत, म्हणून त्यांना 'नळी' असेच म्हणत. त्यांत बोटीचे नाव, हुद्दा, चढल्या-उतरल्याची तारीख आणि वर्तणुकीचा शेरा नोंदलेला असे.