गावात वरचा क्रमांक, शहरात चार वेळा अपयश: परीक्षार्थी हाँग शिउछ्वान

दक्षिण चीनच्या ग्वांगतुंग प्रांतात १८१४ साली एका हाक्का शेतकरी कुटुंबात हाँगचा जन्म झाला. मुलगा कुशाग्र निघाला. कन्फ्यूशियसचे ग्रंथ त्याला मुखोद्गत होऊ लागले, तशी कुटुंबाची सारी आशा त्याच्यावर एकवटली. एक मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला की घराण्याचे दैन्य फिटे, करात व शिक्षेत सवलत मिळे आणि पुढे अधिकारपदाची वाट खुली होई.

पहिली चाळणी परगण्यात होई. तीत हाँग वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला. खरी कसोटी मात्र ग्वांगचौ शहरात होती. तेथे तो १८२० च्या दशकाअखेरीस प्रथम बसला, नंतर १८३६, १८३७ व १८४३ मध्ये. चारही वेळा यादीत त्याचे नाव नव्हते.

तो गावात हुशार आणि शहरात मंद होता काय? तसे मानणे अन्यायाचे ठरेल. परगण्याच्या चाळणीतून पुष्कळांना पुढे सोडले जाई. अखेरच्या फेरीत जागा ठरलेल्या असत. चीनची लोकसंख्या चाळीस कोटींपलीकडे गेली, जागा मात्र जवळजवळ तेवढ्याच राहिल्या. पुरेसे चांगले लिहूनही नापास होणाऱ्यांची संख्या म्हणूनच प्रचंड होती, आणि उणे कोठे पडले हे त्यांना बहुधा कळतही नसे.

१८३७ च्या अपयशानंतर हाँगला पालखीतून घरी आणावे लागले. कित्येक दिवस तो वाताच्या झटक्यात होता. सोनेरी दाढीचा वृद्ध आपल्याला तलवार देत असल्याचे त्याला दिसले. चौथ्या अपयशानंतर त्याने ल्यांग फा यांची ख्रिस्ती पुस्तिका लक्षपूर्वक वाचली. ती त्याला पूर्वी ग्वांगचौतच परीक्षेच्या वेळी मिळाली होती. वृद्ध म्हणजे परमेश्वर आणि आपण येशूचे धाकटे बंधू, असा अर्थ त्याने लावला. ज्या शाळेत तो शिकवीत असे, तेथील कन्फ्यूशियसची पाटी त्याने काढून टाकली.

केवळ एका नापास उमेदवाराच्या रागातून साम्राज्य हादरत नाही. अफूच्या युद्धानंतरची दुरवस्था, दारिद्र्य, हाक्का व स्थानिक यांतील वैर हे सारे तयारच होते. १८५१ मध्ये ताइपिंग बंड पेटले आणि १८६४ पर्यंत चालले. त्यात किमान दोन कोटी माणसे मेली, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

१८५३ मध्ये नानजिंग जिंकून ताइपिंगांनी तेथे राजधानी केली. लवकरच त्यांनी स्वतःच्या राज्यसेवा परीक्षा सुरू केल्या. विषय हाँगच्या धर्ममतातून निवडले जात.