गोधडी

गोधडी : जुनी सुती लुगडी, धोतरे, चादरी यांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेले अंथरूण किंवा पांघरूण. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ असेही म्हणतात. तान्ह्या बाळासाठी केलेली लहान, मऊ गोधडी म्हणजे दुपटे. रजईच्या पोटात पिंजलेला कापूस असतो. गोधडीच्या पोटात कापडच असते आणि ऊब मिळते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. कर्नाटकातील कौदी, बंगालमधील कांथा आणि बिहारमधील सुजनी ही तिची भावंडे. अंगावरच्या ठिगळांच्या पेहरावामुळे संत गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक गोधडेबाबा म्हणत.

कापड : नऊवारी लुगडे सुमारे ८.२ मीटर लांब आणि १.१ ते १.२ मीटर रुंद असते. त्याची लांबीत चार पदरी घडी घातली, की एका माणसाच्या मापाची चौपदरी गोधडी कात्री न लावता तयार होते. पाचवारीचे हे गणित जमत नाही. तिच्या तीन घड्या घातल्या तर उंच माणसाचे पाय उघडे पडतात. नवशिक्याने मात्र लुगड्याला हात घालण्याआधी मीटरभर लांबीरुंदीचे दुपटे शिवून पाहावे. चुका लवकर कळतात आणि काम अर्धवट राहत नाही. कापड धुऊन मऊ झालेले, पण हाताने ताणल्यावर टरकन न फाटणारे हवे. नवे कापड घ्यायचेच असेल, तर ते आधी धुऊन आटवून घ्यावे; नाहीतर पहिल्या धुण्यात तेवढाच थर आकसतो आणि सगळ्या गोधडीला चुण्या पडतात. रंग जातो का हे ओला पांढरा फडका घासून तपासावे. मिठाच्या पाण्यात भिजवले की रंग पक्का होतो, या समजुतीवर विसंबू नये. काठ विणीला घट्ट असतात आणि सुईला दाद देत नाहीत. ते उसवून कडेच्या गोटासाठी ठेवावेत.

शिवण : थर जमिनीवर अंथरून चारही कोपऱ्यांवर वजन ठेवतात, वीट, पाटा, काहीही चालते. तळहाताने मधून बाहेर निपटत जावे आणि त्याच दिशेने वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घालावेत. ही पायरी अनुभवी बायका कधीकधी गाळतात, नवशिक्याने गाळू नये. पक्की शिवण बहुधा कडेपासून सुरू होते आणि चौकोनामागून चौकोन घेत मध्याकडे जाते. कच्चे टाके नसतील, तर कडेचा सगळा ढिलेपणा सरकत मध्यावर गोळा होतो आणि तेथे पिशवीसारखा फुगा येतो. दोन ओळींत बोटभर अंतर पुरते. टाका लहान असावा, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो सारखा पडावा आणि दर वेळी खालच्या थरातून निघावा. अधूनमधून डावा हात खाली घालून सुईचे टोक बोटाला लागते का ते पाहतात. पाचसहा थरांपुढे साधी सुई अडते. तेव्हा दाभण घेण्याचा मोह होतो, पण दाभणाची भोके बुजत नाहीत. त्यापेक्षा एक थर कमी करावा. दोरा हातभरच घ्यावा, मेणावरून ओढावा, म्हणजे गुंतत नाही. मधल्या बोटात अंगुस्तान नसेल, तर दुसऱ्या दिवशी बोट सुईला हात लावू देत नाही.

दोऱ्याची निवड मात्र विचार करून करावी. दुकानदार ‘तुटणार नाही’ म्हणून नायलॉनचा दोरा पुढे करतो. तो खरोखरच तुटत नाही. ताण पडला की कापडच फाटते. गोधडीचा दोरा कापडाहून थोडा कच्चाच बरा. तुटलेली ओळ तासाभरात पुन्हा घालता येते, भोकाभोवती फाटलेले लुगडे जोडता येत नाही. म्हणून दोरा सुतीच असावा.

निगा : गोधडी वारंवार धुऊ नये, वारंवार उन्हात घालावी. धुताना गार पाणी व सौम्य साबण किंवा रिठा वापरावा. बडवणे, पिळणे आणि ब्लीच टाळावे. भिजलेल्या गोधडीचे वजन फार वाढते. एकाच दोरीवर टाकली तर मधल्या ओळी ताणून तुटतात. बाजेवर किंवा तीनचार दोऱ्यांवर पसरून, उलटी बाजू वर करून वाळवावी. वाळली का हे हाताला कळत नाही. मधला भाग गालाला लावावा, गार लागला तर आत ओल आहे. अशी गोधडी पावसाळ्यात घडी करून ठेवली की बुरशी धरते. खळ काढल्याशिवाय ठेवल्यास कसर लागते. प्लास्टिकऐवजी जुन्या धोतराच्या खोळीत ठेवावी आणि दर दोनतीन महिन्यांनी घडी बदलावी, म्हणजे एकाच रेषेवर कापड विरत नाही. बाळाच्या दुपट्यात डांबरगोळ्या मुळीच ठेवू नयेत. नॅप्थलीनमुळे काही बाळांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होते.

डागडुजी : फाटलेल्या जागी थर उसवू नयेत. भोकाच्या चारही बाजूंनी दोन बोटे जास्त असे ठिगळ वरूनच ठेवून, कडा आत दुमडून सर्व थरांतून टाके घालावेत. पार विरलेल्या गोधडीला दोन्ही अंगांनी धड कापड लावून तिचेच नव्या गोधडीचे पोट करतात. त्या वेळी सुई जुन्या ओळींच्या मधून चालवावी, जुन्या भोकांतून नव्हे.