‘गीतरामायण’ : ध्वनिमुद्रिकांचे पुनःश्रवण

१ एप्रिल १९५५ ते १९ एप्रिल १९५६ या काळात पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्यास एक याप्रमाणे ‘गीतरामायणा’ची ५६ गीते प्रसारित झाली. ग. दि. माडगूळकरांच्या या रचनेत बहुतेक गीते कोणा ना कोणा पात्राच्या तोंडी आहेत. मूळ प्रसारणात या पात्रांना निरनिराळे गायक लाभले होते : रामासाठी सुधीर फडके, सीतेसाठी प्रामुख्याने माणिक वर्मा. पुढे ध्वनिमुद्रिकांवर मात्र संगीतकार फडके यांच्या एकट्याच्याच स्वरात ही गीते आली. नंतरच्या पिढीने तारुण्यात ऐकले आणि मूळ म्हणून स्मरणात जपले, ते हे दुसरे रूप होय.

आज त्या मुद्रिका पुन्हा ऐकताना या बदलाचा वाङ्मयीन अर्थ ध्यानात येतो. नभोनाट्याच्या जवळ जाणारी बहुस्वरी रचना एकस्वरी होताच कीर्तनपरंपरेला जाऊन मिळाली. कीर्तनकारही सर्व पात्रे स्वमुखानेच बोलती करतो. याला संहितेतही आधार आहे. कुश-लव रामासमोर रामचरित्र गातात, हीच या रचनेची चौकट होय.

परंतु या लाभाबरोबर एक हानीही झाली. परित्यक्त सीता लक्ष्मणाला जो प्रश्न विचारते, तो मुद्रिकेवर रामाच्याच आवाजात उमटतो. परिणामी आरोपाची धार बोथट होऊन केवळ करुणा उरते. तारुण्यातल्या श्रवणाला ही करुणा पुरेशी वाटली. पुनःश्रवणात मात्र ‘हे कोण बोलत आहे?’ हा प्रश्न टाळता येत नाही. ‘गीतरामायणा’ची समीक्षा म्हणूनच केवळ छापील संहितेवर विसंबून पुरी होणार नाही.