‘नाइस’चं कूळ

माझ्या शिकवणीतल्या एका मुलीने आजीवर इंग्रजीत आठ ओळी लिहून आणल्या. आजी नाइस, तिच्या भाकऱ्या नाइस, तिच्या गोष्टी नाइस, तिचं अंगणही नाइस. व्याकरणाची एकही चूक नव्हती, पण आठ ओळींत आजी कुठे दिसत नव्हती. मी वही बाजूला ठेवली आणि तिला या शब्दाचं कूळ सांगितलं.

‘नाइस’ निघाला लॅटिनमधल्या ‘नेस्कियुस’पासून. ‘ने’ म्हणजे नाही, ‘स्कीरे’ म्हणजे जाणणं. आपल्या ‘अज्ञ’ शब्दासारखीच ही घडण. ‘सायन्स’ हा शब्दही याच ‘स्कीरे’च्या घरातला. जुन्या फ्रेंचमधून तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘नाइस’ इंग्रजीत उतरला तेव्हा त्याचा अर्थ होता मूर्ख. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या काव्यात तो या अर्थाने भेटतो.

मूर्खापासून छानपर्यंतची वाट सरळ नव्हती. आधी हा शब्द बुजऱ्या, नखरेल माणसाला चिकटला, मग चोखंदळ माणसाला. चोखंदळ माणसाला बारीकसा फरकही दिसतो, म्हणून ‘नाइस’ म्हणजे काटेकोर, सूक्ष्म. आणि चोखंदळ नजरेला जे पसंत पडतं ते चांगलंच असणार, म्हणून अखेर ‘नाइस’ म्हणजे छान. आपण नाजूक फूलही म्हणतो आणि नाजूक प्रश्नही म्हणतो. ‘नाइस’ने तर असे कितीतरी अर्थ एकाच वेळी अंगावर वागवले. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या पुष्कळ वाक्यांत लेखकाच्या मनात नेमका कोणता अर्थ होता, हे ऑक्सफर्डच्या कोशकारांनाही ठरवता आलेलं नाही.

शेक्सपियरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये रोमिओला पाठवलेलं पत्र वाटेतच अडकतं. ते कळताच घाबरलेला फ्रायर लॉरेन्स म्हणतो की ते पत्र ‘नाइस’ नव्हतं. आजचा विद्यार्थी इथे हमखास फसतो. लॉरेन्सला म्हणायचं असतं की पत्र क्षुल्लक नव्हतं, त्यावर फार काही अवलंबून होतं.

१७५५ साली सॅम्युअल जॉन्सनने आपला कोश छापला, तेव्हाही त्याने ‘नाइस’चा पहिला अर्थ बारकाईने पारखणारा असाच दिला. ‘छान’ रूढ झाला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि मग तो इतका फोफावला की जेन ऑस्टिनला त्याची दखल घ्यावी लागली. १८१७च्या अखेरीस, तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्दॅन्गर ॲबी’त कॅथरिन आपल्या आवडत्या कादंबरीला ‘नाइस’ म्हणते. हेन्री टिल्नी लगेच तिला चिडवतो: पुस्तकाची बांधणी नीटनेटकी आहे, असंच ना? एकेकाळी नीटनेटकेपणा आणि सुरुची सांगणारा शब्द आता कशाचीही स्तुती करायला पुरतो, ही त्याची तक्रार.

‘सिली’ नेमका उलट्या वाटेने गेला. जुन्या इंग्रजीत तो सुखी, भाग्यवान माणसाचा शब्द होता. पुढे निरागस, मग बापुडा आणि शेवटी मूर्ख झाला.

नवे शब्द पाठ करायला मुलांना याद्या मिळतात. एका ओळीत दहा चांगली विशेषणं, आणि दहांसमोर जवळपास एकच अर्थ. असे शब्द परीक्षेपर्यंत टिकतात. शब्दाचं कूळ कळलं की तो कुठे शोभतो आणि कुठे नाही, हेही कळू लागतं, आणि असा शब्द जन्मभर सोबत राहतो.

म्हणून मी त्या मुलीला विचारलं, “आजी नाइस म्हणजे नेमकं काय करते?” ती जरा थांबून म्हणाली, “दारात कुणीही आलं तरी आजी त्याला भाकरी देते. कधीकधी स्वतःच्या ताटातली.”

त्यासाठी इंग्रजीत ‘जेनरस’ आहे. त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘गेनुस’ म्हणजे कूळ या शब्दात. आधी ‘जेनरस’ म्हणजे फक्त कुलीन. मग थोर मनाचा, आणि पुढे सढळ हाताचा. जन्माने मिळणारा मोठेपणा शब्दातून गळून पडला, देण्याने मिळणारा तेवढा उरला.

तिने पहिल्या ओळीतला ‘नाइस’ खोडला आणि तिथे ‘जेनरस’ लिहिलं. खाली स्वतःहून एक ओळ वाढवली, ताटातल्या भाकरीची.