राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा, २०१८ : भारतीय कुस्ती संघ

ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे १२ ते १४ एप्रिल २०१८ या तीन दिवसांत राष्ट्रकुल स्पर्धेतील कुस्त्या झाल्या. भारताचे सहा पुरुष आणि सहा महिला मल्ल मॅटवर उतरले आणि बाराही जण पदक घेऊन परतले : ५ सुवर्ण, ३ रौप्य, ४ कांस्य. पदकेही रोज चार अशी मोजून आली. सगळ्या लढती फ्रीस्टाइलच्या होत्या. दिल्लीत २०१० साली भारताने कुस्तीत मिळवलेल्या १९ पदकांत ग्रीको-रोमनचा वाटा होता; गोल्ड कोस्टला तो प्रकारच नव्हता.

पहिले सुवर्ण महाराष्ट्राचे. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे हा आधी हरिश्चंद्र बिराजदार आणि नंतर काका पवार यांचा पठ्ठा. ५७ किलो गटात त्याने उपांत्य फेरीत पाकिस्तानच्या मोहम्मद बिलालला १२-८ असे, तर अंतिम फेरीत कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असे हरवले. सहा मिनिटांच्या कुस्तीत दोघांचे मिळून बावीस गुण म्हणजे कुणीच अंग चोरले नाही, कुस्ती खुली झाली. त्याच दिवशी ७४ किलोत सुशीलकुमारने दक्षिण आफ्रिकेच्या योहानेस बोथाला ८० सेकंदांत १०-० ने निकालात काढले. (फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते.) राष्ट्रकुलमधले सुशीलचे हे सलग तिसरे सुवर्ण.

बजरंग पुनियाने (६५ किलो) वेल्सच्या केन चॅरिगवर अशीच १०-० मात केली. विनेश फोगटच्या ५० किलो गटात चारच मल्ल होत्या. नोंदणी इतकी कमी असली की बाद फेरी न घेता प्रत्येकीची प्रत्येकीशी कुस्ती लावतात. विनेशने तिन्ही जिंकल्या. शेवटची कॅनडाच्या जेसिका मॅकडोनाल्डशी, १३-३. सुमित मलिकला (१२५ किलो) निर्णायक कुस्ती लढावीच लागली नाही, कारण नायजेरियाचा सिनिवी बोल्टिक दुखापतीमुळे उतरला नाही.

रौप्यपदके बबिता कुमारी (५३ किलो), पूजा धांडा (५७) आणि मौसम खत्री (९७) यांना मिळाली. पूजाची अंतिम कुस्ती नायजेरियाच्या ओडुनायो अडेकुओरोयेने ७-५ अशी जेमतेम नेली. मौसमची एकतर्फी झाली. किरण (७६), दिव्या काकरान (६८), सोमवीर (८६) आणि साक्षी मलिक (६२) यांनी कांस्य मिळवले. रिओ ऑलिंपिकची पदकविजेती साक्षी इथे न्यूझीलंडच्या टेला फोर्डविरुद्ध ६-५ अशी एका गुणाने तरली.

बारापैकी बारा हा आकडा वाचताना समोर कोण नव्हते तेही पाहावे लागते. राष्ट्रकुलात रशिया नाही, इराण नाही, जपान नाही. कस लागतो तो मुख्यतः कॅनडा आणि नायजेरियाशी. चारच महिन्यांनी जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताला कुस्तीत तीन पदके मिळाली : बजरंग व विनेश यांना सुवर्ण, दिव्याला कांस्य. सुशील तिथे पहिल्याच कुस्तीत हरला. राहुलने मात्र २०१९ मध्ये नूर-सुलतान येथील जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य मिळवले.

बारापैकी बारा हा हिशेब भारतीय संघाने बर्मिंगहॅमला २०२२ मध्ये पुन्हा जमवला, तेव्हा सुवर्णे सहा होती. ग्लासगोच्या २०२६ सालच्या कार्यक्रमात कुस्तीचा समावेश नाही.