वेष्टनाचें मोल



पुणें-नाशिक रस्त्यावर, मीना नदीच्या काठीं वसलेलें नारायणगांव टोमॅटोच्या बाजाराकरितां प्रसिद्ध आहे. तेथें भाव बोलला जातो तो २० किलोंच्या प्लास्टिकच्या क्रेटवर. जुलै २०२३ मध्यें एका क्रेटला २००० रुपयांहून अधिक भाव आला, तेव्हां या बाजाराची वार्ता देशभर गेली. क्रेट रिकामा झाला कीं पुन्हा भरावयाचा. फुटला तर भंगारवाला घेतो. त्याच टोमॅटोचा सॉस ज्या चिमुकल्या पुडींतून आपल्या ताटांत येतो, ती पुडी मात्र एकदां फाडली कीं तिला कोणी वाली उरत नाहीं. दोन्ही वेष्टनें प्लास्टिकचींच. भेद आहे तो मोलाचा.

आपल्या पणजोबांच्या घरीं वेष्टन म्हणजे पळसाचें पान, कागदाची पुडी, गोणपाट किंवा पत्र्याचा डबा. पान उकिरड्यांत कुजून शेताला मिळे, रद्दी वाण्याकडे परते, डब्यांत डाळ राही. जुन्या लुगड्यावर बोहारीण भांडें देई. कचरा निवडावा असा उपदेश कोणी करीत नसे. प्रत्येक वस्तूला घेणारा होता, म्हणून ती आपोआप निराळी राही.

१९३३ सालीं इंग्लंडांत पॉलिथीनचा शोध लागला. पुढें वेष्टन इतकें स्वस्त व पातळ झालें कीं तें परत घेणें कोणासच परवडेना. प्लास्टिक व अ‍ॅल्युमिनियम यांचे थर एकमेकांस चिकटविलेलें वेष्टन तर भंगारवालाही नाकारतो.

घरानें सोडलेलें निवडीचें काम मग कचरा वेचणाऱ्या स्त्रियांच्या हातीं आलें. त्यांच्या श्रमास मान मिळावा म्हणून १९९३ मध्यें पुण्यांत कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यांतूनच उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनें २००८ मध्यें पुणें महानगरपालिकेशीं करार केला आणि या स्त्रिया दारोदार कचरा घेऊं लागल्या. २०१६ च्या केंद्रीय नियमांनीं ओला, सुका व घातक असे तीन भाग करण्याचें कर्तव्य घराकडे परत दिलें; २३ मार्च २०१८ रोजीं महाराष्ट्रानें अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली.

तथापि कायदा दारापर्यंतच येतो. दुधाची पिशवी विसळून वाळवावी. तिचा कोपरा तोडून निराळा करूं नये, कारण तो इवलासा तुकडा पुढें कोणाच्याच हातीं लागत नाहीं. खरकट्यानें माखलेला कागद रद्दींत जात नाहीं; कोरडा राहिला तर त्याचे पैसे होतात, आणि ते वेचणारीच्या पदरांत पडतात. आपल्या स्वयंपाकघरांतील दोन निराळ्या डब्यांनीं एका बाईचा हात घाणींतून बाहेर राहतो, एवढा त्यांचा अर्थ आहे.