न दिसणं आणि नसणं: एचआयव्हीच्या इतिहासातला एक धडा

'अनुपलब्धि' हे प्रमाण आपल्याला ठाऊक आहे. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणजे तिथे घडा नाही. पण यात एक अट आहे बरं का. घडा तिथे असता तर दिसलाच असता, इतका उजेड पाहिजे. अंधारात काही दिसलं नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ही अट विसरली की काय होतं, ते आज पाहू.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांची नोंद छापली गेली. एरवी धडधाकट असलेल्या या पाचांना झालेला न्यूमोनिया प्रतिकारशक्ती शाबूत असणाऱ्याला सहसा होत नाही. नोंद छापेपर्यंत दोघे दगावले होते. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये बारे-सिनुसी आणि माँतानिए यांच्या चमूला एका रुग्णाच्या सुजलेल्या लसिकाग्रंथीत विषाणू सापडला. तो सीडी४ हा रेणू धरून 'मदतनीस' टी-पेशींत शिरतो, हे पुढच्या वर्षी कळलं. या पेशी इतर पेशींना लढायला उठवतात. म्हणजे घाव सैन्याच्या सेनापतीवरच!

पण एक कोडं होतं. लागण झाल्यावर माणूस आठ-दहा वर्षं ठणठणीत दिसायचा, रक्तातही विषाणू फारसा आढळायचा नाही. मग तो झोपला असावा, असं अनेकांना वाटलं. १९९३ मध्ये दिसलं, की त्याच काळात लसिकाग्रंथींत तो जोमानं वाढत असतो. १९९५ मध्ये डेव्हिड हो आणि जॉर्ज शॉ यांच्या चमूंनी नव्या औषधांनी त्याची वाढ रोखली, तेव्हा रक्तातला विषाणू साधारण दोन दिवसांत निम्मा झाला. उत्पादन थांबताच साठा इतक्या वेगानं आटतो, तर आधी तो तितक्याच वेगानं भरला जात असणार! रोज अब्जावधी विषाणू तयार होत होते. पेशी मरत होत्या, नव्या येत होत्या. तळाला भोक पडलेला रांजण कुणी सतत भरत राहावं, तसं हे चाललं होतं. पाण्याची पातळी मात्र हळूहळू उतरत होती. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात या पेशी ५०० ते १५०० असतात. त्या २००च्या खाली गेल्या, की एरवी निरुपद्रवी असणारे जंतूही जिवावर उठतात.

तरी 'पेशी कमी होऊ द्या, मग औषध सुरू करू' असं रुग्णांना पुढे कित्येक वर्षं सांगितलं जात होतं. निदान होताच उपचार, हे धोरण भारतात २०१७ साली आलं. तेव्हा 'मला तर काहीच होत नाही' असं कुणी म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: उजेडात पाहिलंत का? म्हणजे, तपासणी केलीत का?